लॅब्रॅडॉर की कॉकर स्पॅनियल?

दोन्ही कुत्रे मुळात शिकाऱ्याचे सोबती. कॉकर झुडपांत घुसून पक्षी उठवणारा, लॅब्रॅडॉर पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणणारा. लॅब्रॅडॉर साधारण २५ ते ३६ किलोंचा, इंग्लिश कॉकर जेमतेम १३-१४. म्हणून कॉकर सोपा वाटतो, पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात. शिवाय लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, संसर्ग पटकन होतो. आठवड्यातून एकदा तरी कान उचलून, वास घेऊन बघाच. लॅब्रॅडॉरचे केस आखूड, तरी गळतात भरपूर! त्याची खरी अडचण म्हणजे पोट. बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या भुकेवर ताबा ठेवणाऱ्या जनुकातल्या बदलामुळे भूक भागतच नाही. त्या केविलवाण्या नजरेला भुललात, की वजन वाढून सांध्यांवर ताण आलाच. विंचरायचा कंटाळा असेल, तर मी लॅब्रॅडॉरच सुचवेन, पण वाटी मोजून.