अल्बेंडाझोल की मेबेंडाझोल?

लालबागला आमच्या चाळीत पोर झोपेत दात खाऊ लागलं की आज्यांचं निदान ठरलेलं: ‘जंत झालेत.’ खरी खूण वेगळी, रात्री शौचाच्या जागी सुटणारी खाज, तीही पिनवर्मची, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या जंतांची.

अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल ही दोन्ही जंतांवरची औषधं एकाच जातीची. त्यांच्यामुळे जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. फरक घेण्यात आहे. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला, शाळा-अंगणवाडीत देतात ती हीच. मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. सहा डोस! आईची लोकल रखडली की संध्याकाळचा हुकलाच. ५०० ची एकदाच घ्यायची गोळीही असते, पण रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीवर एका डोसात अल्बेंडाझोलच सरस. गोल जंतांवर दोन्ही चालतात, चाबूककृमीवर एका डोसात दोन्ही लंगडी.

माझा कौल अल्बेंडाझोलला. पिनवर्म असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनीच. दिवस गेले असतील तर पहिले तीन महिने दोन्ही नकोत.