रोज रात्री ९:३० ला एक प्रश्न: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर रोज रात्री ९:३० ला एक प्रश्न पडतो. आम्ही २७ जण आणि आमचे गणिताचे सर. सातारा जिल्ह्यातली शाळा. आता कुणी पुण्यात, कुणी गावात शेती करतंय, एक मैत्रीण न्यू जर्सीत. आठ महिन्यांत जवळजवळ खंड पडला नाही. अशीच कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात नेहमीच्या चॅट-ॲपवरच्या साध्या पोलने केली. तिथे बरोबर उत्तर कोणतं हे आधी ठरवून ठेवता येत नव्हतं, आणि वर्गातल्या हुशार मुलाने कुठे टिक केली ते पाहून बाकीचे दहा जण त्याच्यामागे जायचे. मग तयार प्रश्नांचं एक ॲप घेतलं. प्रश्न इंग्रजीतून मराठीत ओढलेले आणि दर तीन प्रश्नांनी जाहिरात. आठवडाभरात सगळ्यांनी काढून टाकलं.

तिसऱ्यांदा टेलिग्रामवर आलो आणि तिथेच थांबलो. जानेवारी २०२० मध्ये तिथे पोलचा ‘क्विझ’ हा प्रकार आला. पर्यायांपैकी बरोबर कोणता ते प्रश्न टाकतानाच ठरवायचं. स्वतः उत्तर दिल्याशिवाय इतरांचा कल दिसत नाही आणि एकदा बोट लावलं की बदलता येत नाही. बरोबर आलं की पडद्यावर रंगीत कागद उडतात. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांना त्या कागदांचा किती आनंद होतो हे पाहिल्याशिवाय पटणार नाही. बल्बच्या खुणेखाली छोटं स्पष्टीकरण देता येतं. तिथे दोन-तीन वाक्यंच मावतात, म्हणून लांब उत्तर आम्ही वेगळ्या मेसेजमध्ये स्पॉयलर लावून झाकून टाकतो. ज्याला पाहायचं त्याने बोट लावून उघडावं.

टेलिग्रामवरच प्रश्नमंजुषा घेणारा क्विझबॉट वापरून वेळ लावायचाही प्रयोग केला. तीस सेकंदांत उत्तर, शेवटी क्रमवारी. पण इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा, थंडीत सकाळचे अकरा. ती बिचारी ऑफिसात. गावाकडच्या मित्राची त्या वेळी नेमकी वीज गेलेली. पंधरा दिवसांत घड्याळ काढलं. आता उत्तरावर बोलायचं ते दुसऱ्या दिवशी रात्रीच. तोवर चोवीस तास प्रश्न डोक्यात घोळत राहतो, आणि मला वाटतं सगळी मजा त्या घोळण्यातच आहे.

पहिला महिना मात्र कंटाळवाणा गेला. सगळे एमपीएससीच्या चॅनेलवरचे प्रश्न उचलून टाकत होते. कळसूबाईची उंची किती, गोदावरी कुठे उगम पावते. १६४६ मीटर, त्र्यंबकेश्वर, संपलं. येत असेल तर येतं, नसेल तर नाही. बोलायला काही उरतच नाही.

सरांनी टाकलेल्या एका प्रश्नाने हे बदललं. ‘औट घटकेचं राज्य म्हणजे किती मिनिटांचं?’ आयुष्यभर हा शब्दप्रयोग वापरलेल्या आमच्यापैकी फक्त चौघांना आलं. औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची, म्हणून ८४ मिनिटं. दुसऱ्या दिवशी सरांनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवली. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. ‘चौदा औटं?’ असं सरांनी विचारलं की आता गावाकडचा मित्र कॅल्क्युलेटरशिवाय ‘एकोणपन्नास’ म्हणतो.

त्यानंतर एकच नियम ठेवला: प्रश्न स्वतः तयार करायचा.

सगळ्यात जास्त गाजला तो वाढदिवसाचा प्रश्न. दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त व्हायला खोलीत किती माणसं हवीत? बहुतेकांनी १८३ वर बोट ठेवलं. उत्तर आहे २३. जोड्या मोजायच्या असतात, माणसं नाहीत. २३ जणांत २५३ जोड्या होतात. पटेना, म्हणून आपल्याच २७ जणांच्या तारखा मागवल्या. सहा जणांची तारीख एकच निघाली, १ जून. खरं तर यात नवल नव्हतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, घरी तारीख लिहिलेली नसायची, नाव घालताना गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात त्या पिढीची अशी किती माणसं असतील! पण गणित तर धरून चालतं की वर्षातल्या सगळ्या तारखा सारख्याच संभवतात. आमच्या दाखल्यांवर ते गृहीतकच लागू होत नव्हतं. मग त्या सहाही जणांनी घरी विचारायला सुरुवात केली. एकाच्या आईला आठवत होतं, ‘बेंदराच्या आदल्या दिवशी झालास.’ जुन्या पंचांगावरून जुलैतली तारीख निघाली. या वर्षी त्याचा खरा वाढदिवस आम्ही पहिल्यांदा साजरा करणार आहोत. आठ महिन्यांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

तीन दारांचं कोडंही तीन दिवस चाललं. एका दारामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलंत. कुठे काय आहे हे माहीत असलेल्या सूत्रधाराने उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडलं. आता निवड बदलावी का? बदलावी; जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशावर जाते. १९९० मध्ये अमेरिकन लेखिका मॅरिलिन व्हॉस साव्हंट यांनी मासिकातल्या आपल्या सदरात हेच लिहिलं तेव्हा वाचकांची हजारो पत्रं आली, आणि बहुतेकांनी त्यांनाच चूक ठरवलं. आमच्याकडेही भांडण जुंपलं. शेवटी बँकेतल्या मित्राने मुलीबरोबर तीन वाट्या आणि एक चिंचोका घेऊन साठ वेळा खेळून पाहिलं. दर वेळी वाटी बदलली, ४१ वेळा चिंचोका मिळाला. तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ सुद्धा असाच हातात घेऊन पाहण्यासारखा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथून पुढे हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतंच. त्या रात्री आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी मुलं वही घेऊन बसली होती.

त्रास झाला तो चुकीच्या उत्तरांचा. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, या प्रश्नाला मी हॉकी हे उत्तर लावून ठेवलं होतं. एकीने दाखवून दिलं की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारात कळवलं आहे. मी तो प्रश्न पुसून माफी मागितली. तेव्हापासून उत्तर कुठून घेतलं ते स्पष्टीकरणात लिहायचंच, असं ठरलंय. यामुळे प्रश्न काढायला मला अर्धा तास लागतो. लागू दे.

एक गोष्ट मात्र पर्यायांच्या चौकटीत बसत नाही: जुनी तोंडी कोडी. एका मैत्रिणीच्या आई आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.’ दात आणि जीभ. त्यांच्या आवाजात, त्यांच्या हेलात ऐकलं की पर्याय द्यावेसेच वाटत नाहीत. अशा एकवीस रेकॉर्डिंग जमल्यात. मी त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात. परवा त्यांनी विसाव्या नंबरचं कोडं पुन्हा पाठवलं, कारण अजून कुणाला सुटलेलं नाही आणि उत्तर सांगायला त्या तयार नाहीत.