गुलबर्ग्याची जामा मशीद: गाइडला दोन तारे, रिक्षावाल्याला पाच

आमचा धंदा स्लॅब ओतायचा. पंचवीस वर्षं सोलापुरात छोटी कंत्राटं घेतोय, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी कॉलमवर. गेल्या महिन्यात साडूकडे कलबुर्गीला (आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच) गेलो, तेव्हा किल्ला आणि मशीद दाखवायला अर्ध्या दिवसाचा गाइड घेतला. 600 रुपये, रिक्षा वेगळी.

माणूस वेळेवर आला, बोलायला गोड. पण सगळं पाठ केलेलं. दीड तास तोफ, खंदक आणि एका भुयाराची गोष्ट यातच गेला. मशिदीच्या वाट्याला वीस मिनिटं, त्यातही "स्पेनच्या कोर्दोबाची हुबेहूब नक्कल" हे वाक्य तीनदा. कोर्दोबाच्या जुन्या मशिदीला एकावर एक दुहेरी कमानी, लाल-पांढरे पट्टे, शिवाय संत्र्याच्या झाडांचं अंगण. इथे यातलं काहीच नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, सगळे असंच सांगतात."

आणि अंगण नाही हीच तर खरी गंमत! विजापूरची जामा मशीद पाहिली असेल तर आठवा, मधे मोठं उघडं अंगण. इथे 216 बाय 176 फुटांची अख्खी जागा छपराखाली. काम 1367 सालचं, बहमनी सुलतान पहिल्या महंमदशाहाच्या वेळचं. शिलालेखात रफी नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, मूळचा इराणातल्या कझवीनचा. बांधणाऱ्याचं नाव साडेसहाशे वर्षं टिकलं. मी शाळेच्या दहा खोल्या बांधल्या, पाटीवर नाव उद्घाटकाचं.

मी अडकलो तो कडेच्या ओवरीत. कमानी भलत्याच रुंद आणि खांब बुटके. माणसाच्या उंचीच्या आसपासच कमान वळायला लागते. आधी वाटलं, प्रमाण चुकलं की काय. मग लक्षात आलं. कमान जितकी पसरट, तितकी ती खांबाला बाहेर ढकलते. खांब उंच आणि सडपातळ ठेवला असता तर कलंडायची भीती. जाड आणि ठेंगणा ठेवला की रेटा लवकर जमिनीत जातो. लोखंडाची कांडी नाही, बीम नाही. त्या रुंदीला सेंट्रिंग (कमान पक्की होईपर्यंत खालून द्यायचा तात्पुरता आधार) कसं लावलं असेल, याचा हिशेब करत उभा होतो, तर गाइड म्हणे, "चला सर, दर्ग्याला उशीर होतोय."

रिक्षावाला तोवर चपला काढून आत आला होता. म्हणाला, "सीधा नक्को देखो साब, कोने में ठैरके तिरछा देखो." कोपऱ्यात गेलो. खांबांच्या रांगा तिरक्या लागल्या, पांढऱ्या कमानींतून कमानी, आणि बाजूच्या उघड्या कमानींतून येणारा उजेड आत जाता जाता फिका होत गेलेला. नक्षी जवळजवळ नाहीच. वर बारक्या घुमटांच्या रांगा, चार कोपऱ्यांना चार जरा मोठे, आणि मिहराबापुढचा (मक्केच्या दिशेच्या भिंतीतल्या कोनाड्यापुढचा) सगळ्यांत मोठा चौकोनी बैठकीवर उंच उचललेला.

गाइडनं माझ्या फोनवर काढलेले फोटो घरी मोजले. चौदा तोफेचे, मशिदीचा एकही नाही.

जायचं तर सकाळी, आणि नमाजाची वेळ टाळून. गाइडचे पैसे वाचवा, रिक्षावाल्याला थांबायचे चार जास्त द्या. माझ्याकडून त्यानं ते मागितलेही नाहीत.