पावसाच्या डेटासाठी सीडीओ: बरेच महिने वापरल्यानंतर

सीडीओ (क्लायमेट डेटा ऑपरेटर्स) हे हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचं कमांड लाइन टूल, म्हणजे कमांड टाइप करून हवामानाच्या फाइलींवर गणित करायचं साधन. माझं काम मुख्यतः भारतीय हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या ग्रिडवर (नकाशाचे पाव अंशाचे चौकोन पाडून प्रत्येकातला पाऊस, १९०१ पासूनचा). पायथॉनमध्ये पानभर लिहावं लागायचं ते इथे एका ओळीत उरकतं. ओळ उजवीकडून डावीकडे चालते, एवढी सवय लावून घ्यायची.

मान्सूनचा खंड (ऐन पावसाळ्यात पाऊस ओसरतो ते दिवस) शोधायचं उदाहरण घ्या. मध्य भारतातल्या गाभा क्षेत्राचा जुलै-ऑगस्टमधला रोजचा सरासरी पाऊस घ्यायचा, त्यातून त्या तारखेची दीर्घकालीन सरासरी वजा करायची आणि स्टँडर्ड डेव्हिएशनने (त्या तारखेचा पाऊस वर्षागणिक किती वर-खाली होतो त्याचं माप) भागायचं. उत्तर सलग तीन दिवस तरी उणे १ च्या खाली राहिलं, तर खंड. फील्डमीन (क्षेत्राची सरासरी), वायडेसब (तारखेनुसार वजाबाकी), वायडेडिव्ह (तारखेनुसार भागाकार), झालं काम! ऑगस्ट २०२३ (३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट) काढून बघा, रेघ खाली गेली की लवकर वर यायचं नाव घेत नाही. फक्त दीर्घकालीन सरासरीसाठी साधं वायडेमीन (एकेका तारखेची सगळ्या वर्षांची सरासरी) नको. एखाद्या वर्षीच्या अतिवृष्टीने त्या एकाच तारखेची सरासरी उगाच फुगते. ३१ दिवसांचं वायडीरनमीन (आजूबाजूचे दिवसही धरणारी सरासरी) बरं.

खरी कटकट बँडपास फिल्टरची (पावसाच्या चढउतारातून ठरावीक कालावधीची आवर्तनंच वेगळी काढणारा). मर्यादा दिवसांत द्यायच्या नाहीत, वर्षाला किती आवर्तनं हे सांगायचं. म्हणजे ३० ते ६० दिवसांसाठी साधारण ६ आणि १२. आधी २९ फेब्रुवारी काढून टाकायची, म्हणजे प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचं होतं. आणि हा फिल्टर रिकाम्या नोंदी हाताळत नाही, तर आपल्या ग्रिडवर समुद्र नि सीमेपलीकडचा भाग रिकामाच. क्षेत्राची सरासरी आधी काढली तर प्रश्नच येत नाही. नकाशा हवा असेल तर रिकाम्या जागी शून्य भरा, फिल्टर लावा, नंतर मास्क टाका (म्हणजे त्या जागा पुन्हा रिकाम्या करा). जून ते सप्टेंबर आधी कापून मग फिल्टर लावणारे लोक भेटतात, त्यांना हात जोडावेत. वर्षांचे तुकडे एकमेकांना चिकटवले की तयार होणारं आवर्तन पावसाचं नसतं. मालिकेच्या दोन्ही टोकांवरही विश्वास ठेवू नये.

हे टूल सांगितलं तेवढंच करतं, शहाणपणा शिकवत नाही. उणे ९९९ हा आकडा ‘नोंद नाही’ म्हणून घोषित केला नसेल, तर तोही पाऊस समजून सरासरीत घेतं. म्हणून पहिली कमांड नेहमी इन्फोएन (फाइलची माहिती दाखवणारी): किमान-कमाल समोर येतं. ‘मीन’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’ हे इथे वेगळे. पहिला रिकाम्या नोंदी सोडून देतो, दुसरा एक जरी रिकामी असली तरी उत्तरच रिकामं देतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कमांड फाइलच्या हिस्टरीत आपोआप नोंदली जाते. चार महिन्यांनी ‘अंतिम२’ नावाची फाइल सापडली, तरी ती कशी बनली ते कळतं. विंडोजवाल्यांनी थेट डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्यावं. आलेखांसाठी मात्र मी अजून पायथॉनच वापरतो.