नाकाची सर्जरी, 14 महिन्यांनंतर: पुन्हा करायची का?

ठाण्यातच ओपन ऱ्हायनोप्लास्टी (नाकपुड्यांमधल्या त्वचेला बाहेरून छेद देऊन केलेली नाकाची सर्जरी) करून घेतली, त्याला 14 महिने झाले. खर्च 1 लाख 60 हजार. उंचवटा गेला, बाजूने फोटो छान येतो. आता मुद्द्याचं: डावी नाकपुडी.

तिची कड वर ओढली गेलीय. दोन मिलिमीटर असेल, चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण यंदा गौरी जेवल्या त्या दिवशी दाबाची नथ लावायला घेतली, तर चाप कडेवर बसेचना. फिरून आडवी व्हायची. आईने तीनदा बसवून पाहिली आणि म्हणाली, "राहू दे गं, नुसती चंद्रकोर लाव." आत जाऊन रडले मी.

सहाव्या महिन्यात सर्जनकडे भांडायलाच गेले होते. "सूज आहे, वर्षभर थांबा," हे उत्तर तेव्हा टोलवाटोलवी वाटलं. ते खरं होतं, हे आता मान्य करते. शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते, आतला व्रण मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून सहसा 12 महिन्यांआधी पुन्हा हात लावत नाहीत. माझा शेंडा अकराव्या महिन्यापर्यंत बारीक होत गेला. कड मात्र होती तिथेच. आणि हे सगळं ऑपरेशनआधी सांगायला हवं होतं, हा राग अजून आहे.

मग वाशीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. नथीचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "श्वासाचं काय?" डावा गाल बोटाने बाहेर ओढायला लावला. हवा एकदम मोकळी आत गेली! म्हणजे आतला व्हॉल्व्ह, नाकातली हवा जायची सगळ्यात चिंचोळी जागा, आणखी अरुंद झालाय. रात्री घसा कोरडा पडून जाग यायची, ती मी वर्षभर एसीच्या माथी मारत होते.

दुरुस्तीत आधाराला कार्टिलेज (कूर्चा) लागतं, आणि दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचं पहिल्या वेळीच वापरून झालंय. आता कानाचं घ्यावं लागेल, कमी पडलं तर बरगडीचं. पुन्हा पूर्ण भूल, खर्च आधीपेक्षा जास्त, आणि कड खाली येईलच असं कुणी लिहून देत नाही. निव्वळ दिसण्यासाठीच्या सर्जरीला माझा मेडिक्लेम पैसे देत नाही. श्वासाच्या भागासाठी कागद टाकलेत.

नथीसाठी नाकावर पुन्हा सुरी चालवून घेणार नाही, एवढं ठरलं. श्वासासाठी करायची की नाही, त्याआधी महिनाभर रात्री नाकावर चिकटवायची पट्टी लावून बघायला सांगितलंय. आज नववी रात्र. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी तशीच भरलेली असते.