खाडीत रात्रभर नांगरायचं तर पूर्ण साखळी की साखळी-दोर?

जयगड, विजयदुर्ग, दाभोळ अशा ठिकाणी रात्र काढायची म्हटलं की नांगर कोणता हा प्रश्न बहुतेकांचा सुटलेला असतो. 30 ते 36 फुटी यॉटवर 15 किलोच्या आसपासचा, चिखलात नीट रुतणारा नांगर असतोच. अडतं ते त्याच्या मागे काय जोडायचं इथे: 50 मीटर सगळी साखळी, की 10 मीटर साखळी आणि तिच्यामागे 50-60 मीटर नायलॉनचा दोर?

दोराची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. 14 मिमीचा तीन पेडांचा नायलॉन दोर ताणला जातो, त्यामुळे वाऱ्याच्या झोताचा झटका ना नांगराला बसतो ना डेकवरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला. 8 मिमी साखळीचं वजन मीटरला साधारण 1.4 किलो, म्हणजे 50 मीटरचे 70 किलो, आणि तेही अगदी नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. छोट्या हलक्या बोटीचं तोंड यामुळे खाली बसतं आणि समोरच्या लाटेत ती जास्त आपटते. दोराला ही भानगड नाही. तो स्वस्त आहे, विंडलास (नांगर वर ओढणारं चाकाचं यंत्र) नसला तरी हातात राहतो आणि वेळ आलीच तर सुरीने कापता येतो.

मग अडचण कुठे आहे? आपल्या खाड्यांच्या पाण्यात आणि वाऱ्यात.

विजयदुर्गचंच घ्या. संध्याकाळी खारा वारा वायव्येकडून आत येतो आणि बोटीला खाडीच्या आत ढकलतो. त्याच वेळी ओहोटी लागली असेल तर पाणी तिला बाहेर ओढतं. रात्री मतलई वारा सुटला की तो बाहेर ढकलणार आणि भरतीचं पाणी आत. एका रात्रीत पाणी निदान एकदा, बहुधा दोनदा फिरतं, त्यामुळे वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे अशी वेळ येतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर हमखास.

अशा वेळी डोलकाठी वाऱ्याचं ऐकते आणि कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड उभा पाता, पाण्याचं. दोन्ही जोर सारखे झाले की बोट आपल्याच नांगरावर चढून येते. ताण गेलेला दोर सैल पडतो. नायलॉन पाण्यापेक्षा जरासाच जड असतो. तो बुडतो, पण रेंगाळत. तेवढ्यात बोट आडवी फिरते आणि दोर कील आणि सुकाणूच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. आता बोट नाळेने नाही, कमरेने बांधलेली असते. प्रवाह आडव्या बाजूवर येतो, नांगरावरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो, आणि आत बंकवर पडल्यापडल्या सुकाणूची कुरकुर ऐकू येते. यात इंजिन सुरू केलं तर दोर प्रोपेलरमध्ये गेलाच म्हणून समजा. पाणी थांबेपर्यंत वाट बघायची, दोर अजून 5-6 मीटर सोडून तो खाली बसतो का पाहायचं. नाहीच सुटला तर दोराच्या टोकाला बोया बांधून सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने उचलून घ्यायचा. पहाटे तीन वाजता, टॉर्चच्या उजेडात.

यावर उपाय आहे. 5 किलोचं वजन मोठ्या शॅकलमध्ये (पिनने बंद होणाऱ्या धातूच्या कडीत) अडकवून, त्याला वेगळी बारीक दोरी बांधून, दोरावरून कीलच्या खोलीपेक्षा मीटरभर खाली सोडायचं. दोर नाळेपासून सरळ खाली लटकतो आणि कीलखाली जात नाही. उपाय चालतो, पण दर रात्री करावा लागतो. वारा पडलेला, पाणी शांत, अशा संध्याकाळी तो टाळला जातो आणि त्याच रात्री दोर अडकतो. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

साखळी अशा वेळी बो रोलरपासून, म्हणजे नाळेवरच्या चाकापासून, सरळ खाली पडते आणि तळावर निजते. बोट तिच्यावर इकडेतिकडे फिरत राहते. नाळेला थोडी घासते आणि तळाशी शिंपले किंवा जांभ्याचे धोंडे असतील तर खरखर ऐकू येते, इतकंच. कालवं चिकटलेल्या खडकावर दोर घासत राहिला तर सकाळपर्यंत त्याचे पेड उसवलेले असतात. साखळीवरचा फक्त जस्ताचा थर जातो.

बोट नांगराभोवती फिरते तो घेरही महत्त्वाचा. ओहोटीला 4 मीटर पाणी, वर 2.5 मीटर भरती, नाळेची उंची 1 मीटर, म्हणजे हिशेब 7.5 मीटरवर. दोर सातपट सोडायचा तर 53 मीटर, साखळी पाचपट तर 38. पहाटे मच्छीमारांच्या होड्या ज्या वाटेने निघतात त्या वाटेच्या कडेला नांगरलेलं असताना हे 15 मीटर फार मोलाचे. एक मात्र खरं: आजूबाजूच्या होड्या दोरावर असतील तर त्या तुमच्यापेक्षा वेगळ्या आणि मोठ्या घेरात फिरतील. तेवढी जागा सोडूनच नांगर टाका.

साखळी दोरासारखी ताणली जात नाही, म्हणून झटका झेलायला स्नबर हवाच. 12 मिमी नायलॉनचा 6-7 मीटर तुकडा, हुकाने किंवा रोलिंग हिच गाठीने साखळीला अडकवून क्लीटवर घ्यायचा आणि साखळी पुढे सैल सोडायची. भार विंडलासवर ठेवला तर त्याचे गिअर जातात. साखळीचं बोटीतलं टोक बोल्टला अडकवू नका. 10 मिमी दोरीने बांधा, आणि ती डेकपर्यंत पोचेल एवढी लांब ठेवा, म्हणजे प्रसंगी कापता येते.

खरेदीत फसगत होते ती मापात. 10 मिमी साखळी दोन मापांत येते: कडीची आतली लांबी 28 मिमी आणि 30 मिमी. विंडलासच्या चाकाला दुसरं माप लावलं की साखळी उड्या मारते. 8 मिमीला हा घोळ नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी तिथेही चालत नाही.

विंडलास नसेल तर? 7 मीटर खोलीत नांगर तळ सोडताना हातात साखळीचे 10 आणि नांगराचे 15 असे 25 किलो येतात. दोघांना जमतं, एकट्याची कंबर धरते. अशांनी, आणि 26 फुटांखालच्या बोटींनी, 30 मीटर साखळी आणि मागे 30 मीटर दोर असा मधला मार्ग बघावा. आपल्या खाड्यांत बहुतेक रात्री दोर लॉकरमध्येच राहतो, कारण 7.5 मीटरला पाचपट नाही तरी चौपट साखळी मिळते, म्हणजे नेमके 30. मांडव्याला जेवणापुरतं थांबायचं किंवा दुसरा नांगर म्हणून ठेवायचा तर दोरच बरा.

चिखलाची तक्रार मात्र साखळीवाल्यांनी मान्य करावी. खाडीचा काळा गाळ कडीकडीत भरून येतो आणि न धुता आत घेतला तर दोन दिवसांत पुढच्या केबिनला वास मारतो. बादली आणि लांब दांड्याचा ब्रश नाळेजवळ ठेवा, साखळी दोन-दोन मीटर वर घ्या आणि धुऊनच लॉकरमध्ये सोडा.