जुन्या गाड्या घेऊन फ्रान्सला: ल्वार की रूट नेपोलियन?

इंग्लंडमधल्या एका मित्रमंडळाला एमजीबी, मॉरिस मायनर अशा जुन्या गाड्या घेऊन आरामात फ्रान्स फिरायचंय. ल्वार नदीचं खोरं की आग्नेय फ्रान्समधल्या आल्प्स डोंगरांतून ग्रासमार्गे ग्रनोबलकडे जाणारा रूट नेपोलियन, इथे गाडी अडली आहे.

पोहोचणं: पोर्ट्समथहून रात्रीच्या फेरीबोटीने नॉर्मंडीतल्या काँला (Caen) उतरलात, तर ल्वार दुपारपर्यंत. ग्रनोबल मात्र उत्तरेकडच्या कॅले बंदरापासूनच साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. जुन्या इंजिनाला हायवेवर एवढं पळवण्यात कसला आराम?

रस्ता: खरा फरक इथे. १८१५ मध्ये नेपोलियन ज्या वाटेने गेला, ती आजची सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची वाट अप्रतिम आहे, पण घाटाची. चढावर रेडिएटर तापतो, लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून पकड सोडतात. ग्रनोबलच्या अलीकडचा लाफ्रेचा उतार तर इतका तीव्र की तिथे जड वाहनांना बंदी आहे. उतरताना खालचा गिअरच हवा. ल्वारकाठी सपाट रस्ते. आंब्वाज, शनोंसो, शांबोर हे जुने महाल एकमेकांपासून फार लांब नाहीत. एखादी गाडी रुसली तरी बाकीचे खोळंबत नाहीत.

पेट्रोल: दोन्हीकडे सारखंच. ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून कमी इथेनॉलचं एसपी९८ भरा.

पहिलीच सहल, सोबत मुलं किंवा वयस्कर मंडळी, दुरुस्तीचा हात कच्चा: ल्वार. ब्रेक आणि कूलिंग नुकतंच तपासलेलं, हाताशी दोन आठवडे आणि गाडी चालवणं हीच सुट्टी मानणारे सगळे: रूट नेपोलियन, तोही जूनमध्ये किंवा सप्टेंबरात.